‘प्ले इट अगेन, सॅम’ असं कुणी म्हटलंच नव्हतं

पुण्यातून चाललेल्या कॉलवर सर्व्हर बंद पडतो आणि पलीकडचा अमेरिकी सहकारी म्हणतो, ‘ह्यूस्टन, वी हॅव अ प्रॉब्लेम’. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या रोजच्या गप्पांत अशी सिनेमातली वाक्यं सतत येतात. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, तसंच त्यांचं. मात्र या वाक्यांबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत, आणि त्या खुद्द इंग्रजी घरात वाढलेल्यांच्याही आहेत.

गैरसमज: लोकांच्या तोंडी असलेलं वाक्य सिनेमात जसंच्या तसं असतं.

वस्तुस्थिती: बरीच गाजलेली वाक्यं त्या रूपात पडद्यावर आलेलीच नाहीत. ‘कॅसाब्लँका’त (१९४२) ‘प्ले इट अगेन, सॅम’ असं कुणीही म्हणत नाही. इन्ग्रिड बर्गमन म्हणते ‘प्ले इट, सॅम’. ‘अगेन’ असलेलं रूप पुढे इतकं रुळलं, की वुडी ॲलनने १९६९ मध्ये आपल्या नाटकाला तेच नाव दिलं. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) डार्थ व्हेडर ‘ल्यूक, आय ॲम युवर फादर’ म्हणत नाही. वडिलांना तूच मारलंस, असं ल्यूक म्हणतो, त्यावरचं त्याचं उत्तर आहे ‘नो, आय ॲम युवर फादर’.

हा बदल निव्वळ विसराळूपणातून होत नाही. पडद्यावर ल्यूक समोर दिसतो आणि आधीचं बोलणं ऐकलेलं असतं. चहाच्या टेबलावर यातलं काहीच नसतं. तिथे नुसतं ‘नो’ म्हणून भागत नाही. ‘ल्यूक’ म्हटलं की कुठला सिनेमा ते लगेच कळतं. वाक्य प्रसंगातून सुटलं की ऐकणाऱ्याला लागणारी खूण लोक स्वतःच त्यात घालतात.

गैरसमज: अशी वाक्यं पटकथाकाराच्या टेबलावरच जन्मतात.

वस्तुस्थिती: काही आधीपासून हवेत असतात. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला, तेव्हा जॅक स्वायगर्ट आणि पाठोपाठ जिम लव्हेल यांनी ह्यूस्टनला ‘वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम’ अशा अर्थाचं भूतकाळी वाक्य कळवलं. १९९५ च्या ‘अपोलो १३’ सिनेमात ते वर्तमानकाळी झालं, आणि लोकांनी उचललं ते हेच. शेरलॉक होम्सचं ‘एलिमेंटरी, माय डियर वॉटसन’ कॉनन डॉइलच्या एकाही कथेत सलग सापडत नाही. ते घरोघरी पोचवलं बोलपटांनी.

‘जॉज’ची (१९७५) गोष्ट तर आणखी मजेदार आहे. चित्रीकरणाच्या सामानासाठी दिलेली बोट फारच लहान होती, त्यामुळे काही बिनसलं की ‘मोठी बोट लागणार’ असं म्हणत कामगार टोमणा मारत. शार्क पहिल्यांदा जवळून दिसल्यावर रॉय शायडरने तोच टोमणा कॅमेऱ्यासमोर आयत्या वेळी वापरला. म्हणजे रोजच्या बोलण्यातलं वाक्य सिनेमात गेलं आणि तिथून पुन्हा रोजच्या बोलण्यात आलं. येताना बदललंही: शायडर ‘यू आर गोना नीड अ बिगर बोट’ म्हणतो, लोक ‘यू’च्या जागी ‘वी’ म्हणतात.

गैरसमज: ‘गॉन विथ द विंड’मधल्या ‘फ्रँकली, माय डियर, आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ या वाक्यातल्या शिवीसाठी निर्मात्याला पाच हजार डॉलर दंड झाला.

वस्तुस्थिती: ही दंतकथा आहे. निर्माता डेव्हिड सेल्झनिकला या शब्दासाठी भांडावं लागलं हे खरं. पण १ नोव्हेंबर १९३९ रोजी हॉलिवूडच्या आचारसंहितेत दुरुस्ती होऊन ठरावीक परिस्थितीत असे शब्द वापरायला मुभा मिळाली, आणि सिनेमा झळकला १५ डिसेंबरला. हा शब्द काही आधीच्या बोलपटांतही येऊन गेला होता. २००५ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर संवादांची यादी केली, तिच्यात या वाक्याचा पहिला क्रमांक आहे.

गैरसमज: वाक्य ओळखीचं आहे, म्हणजे ते कुठेही चालेल.

वस्तुस्थिती: फसगत होते ती इथेच. ‘अ‍ॅन ऑफर यू कान्ट रिफ्यूज’ हे सवलतीच्या जाहिरातींत सर्रास दिसतं. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) त्याचा अर्थ काय आहे? लग्नाच्या मांडवात गॉडफादरचा मुलगा मायकेल आपल्या मैत्रिणीला थंडपणे सांगतो, की वडिलांनी एका बँडमालकाला असा प्रस्ताव दिला. प्रस्ताव म्हणजे कपाळाला टेकवलेलं पिस्तूल, आणि कागदावर एक तर तुझी सही येईल, नाही तर तुझा मेंदू, असा पर्याय. दोन मित्रांत हे गमतीत खपतं. तणावाच्या वाटाघाटीत समोरच्याला उद्देशून म्हटलं, तर ऐकणारा धमकीचा वास घेऊ शकतो.

‘वॉल स्ट्रीट’मधलं (१९८७) ‘ग्रीड इज गुड’ही तसंच. मूळ वाक्यात मध्ये एक सावध पुस्ती आहे, ती लोकांनी गाळली. शिवाय ते बोलणारा गॉर्डन गेको हा आतल्या बातम्यांवर शेअर खेळणारा खलनायक आहे. भाषणात हे प्रेरणावाक्य म्हणून वापरलं, तर सिनेमा पाहिलेले श्रोते एकमेकांकडे बघतात.

गैरसमज: हे सगळे सिनेमे पाहिल्याशिवाय इंग्रजी गप्पांत टिकाव लागत नाही.

वस्तुस्थिती: वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी ते पाहिलेले नसतात. ‘गॅसलाइटिंग’ म्हणणाऱ्या किती जणांना १९४४ चा ‘गॅसलाइट’ माहीत असतो? गॅसचे दिवे मंदावताना बायकोला दिसतात, आणि तो तुझा भास आहे असं नवरा तिला पटवत राहतो, ही त्याची कथा. पिढीप्रमाणे साठाही बदलतो. साठीतल्या माणसाचं ‘कॅसाब्लँका’ विशीतल्याला ओळखू येईलच असं नाही. वाक्य कळलं नाही तर ‘हे कुठलं?’ असं विचारावं. सांगणारा बहुधा खूश होऊन अख्खा प्रसंग सांगतो.

स्वतः वापरताना दोनच गोष्टी पाहाव्यात. गप्पांत रुळलेलं रूप बिनधास्त चालतं, उलट ‘नो, आय ॲम युवर फादर’ असं दुरुस्त करून सांगणारा रंगाचा बेरंग करतो. छापायचं असेल तेव्हा मात्र मूळ वाक्य तपासावं. आणि दोन्हीकडे, ते वाक्य सिनेमात कोण म्हणतो आणि कुणाला, एवढं आधी माहीत करून घ्यावं.