कमरेचा घेर आणि स्तनांचा कर्करोग

विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एकाने आम्हांस हळूच विचारले, “स्त्रीपुरुषांच्या एकत्र सभेत हे बोलता येईल ना?” येईल, असे आम्ही म्हटले, कारण कर्जत-खालापुरातल्या घरांत बाईला दवाखान्यात केव्हा न्यायचे हे पुष्कळदा पुरुषच ठरवतात.

मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेले पोट ही मंडळी हृदयविकाराची सोबती म्हणून आपल्या ओळखीची आहेत. स्तनांच्या कर्करोगाशीही त्यांचे नाते असते, हे मात्र फारसे कोणी ऐकलेले नसते. पाळी गेल्यावर बीजकोश इस्ट्रोजेन हा स्त्रीरस तयार करणे जवळजवळ थांबवतात. मग ते काम शरीरातली चरबी करू लागते. चरबी जितकी अधिक, तितका हा रस अधिक, आणि स्तनांतल्या पुष्कळशा गाठी त्याच्यावरच पोसतात. शिवाय पोटातल्या चरबीमुळे इन्शुलिनचा प्रभाव बोथट होतो, म्हणून शरीर ते अधिकाधिक पाझरवते. इन्शुलिन साखर आवरते खरे, पण पेशींना वाढायलाही चिथावते.

“पण आमच्या बायका कुठे लठ्ठ आहेत?” असे कोणी म्हणेल. येथेच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले जोडीने काढलेले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला हा फरक कळत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच आढळले, की नितंबांच्या मानाने ज्यांच्या कमरेचा घेर अधिक, त्यांना स्तनांच्या कर्करोगाचा धोका अधिक; मग पाळी चालू असो वा गेलेली असो. वैद्य एक नाडी पाहतात. परकराची नाडी आखूड पडू लागली, तर तीही पाहिली पाहिजे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याची टेप धरावी. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही सीमा मानतात.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंद ठेवतात. तेथे या रोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसते. बाळंतपणे, अंगावर पाजणे, राहणी अशी याची अनेक कारणे आहेत. आमचे तालुके राहणीने बार्शी सोडून मुंबईच्या वाटेला लागले आहेत. कांडण, दळण, विहिरीचे पाणी ही कामे गिरणीने नि नळाने हलकी केली. चांगलेच झाले; उखळ परत आणा म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. पण ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला, आणि नोकरीवालीचे रोजचे चार तास लोकलमध्ये बसून जाऊ लागले. कर्जतचा वडा आम्हांसही प्रिय आहे, पण रोज जेवणाच्या जागी नव्हे.

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांत रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा हे तिन्ही अधिक. स्तनांचा कर्करोग त्यांना गोऱ्या स्त्रियांहून किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. त्याला गाठीचा प्रकार कारण आहे, तसेच उशिरा होणारे निदान आणि न परवडणारे उपचारही.

म्हणून कोणा रुग्ण बाईला “तू खाऊन खाऊन ओढवून घेतलेस” असे म्हणू नका. सडपातळ बायकांनाही हा रोग होतो. कातकरी वाडीवरच्या अर्धपोटी बाईला वजन उतरव म्हणणे ही तर क्रूर थट्टाच. तपासणी मात्र तिचीही झाली पाहिजे.

त्या तपासणीला फार मोठे यंत्र लागते असेही नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी केली. त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. आता सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील स्त्रियांसाठी रक्तदाब, साखर आणि स्तन यांची तपासणी आहे. तेथे जाताना बाईला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात: गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि सापडलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते.