उपासाआधीची फाइल

लहानपणी कॅन्सर होऊन बरं झालेलं मूल मोठं होतं, तशी त्याची फाइलही जुनी होत जाते. पिना गंजतात, कोपरे दुमडतात, रक्ततपासणीच्या कागदावरची शाई उडते. फॉलोअपच्या ओपीडीत माझं काम आहाराचं, म्हणजे सुरुवात वाटी-चमच्यापासून व्हायला हवी. पण मी आधी एकच पान शोधते, उपचारांचा गोषवारा. कुठली औषधं, एकूण किती, आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दिला असेल तर कुठे आणि किती.

हल्ली हे पान फार लागतं. समोर बसलेला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी विचारतेच, "मॅडम, सोळा तास उपाशी राहिलं तर चालेल ना?"

त्यांचं काही चुकत नाही. घरात एकादशी-चतुर्थी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यात डॉ. जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. दीक्षितांनी गावोगावी पोचवलेला दिवसातून दोनदाच जेवायचा प्रयोग शेजारच्या काकांनी केलेला असतो. पोट तर या मुलांचं खरंच सुटतं. ल्युकेमियात दोन-अडीच वर्षं उपचार चालतात, त्यात स्टेरॉइड असतं. आपल्याकडे त्या काळी सर्रास वापरल्या गेलेल्या एमसीपी ८४१ या उपचारपद्धतीत मेंदूलाही शेक दिला जाई. भूक लागली, पोट भरलं हे ठरवणारी जागा आणि वाढीचं संप्रेरक सोडणारी ग्रंथी, दोन्ही त्याच टापूत. त्यामुळे वजनाचा काटा ठीक असतो आणि आत मात्र स्नायू कमी, चरबी जास्त.

परवाचा मुलगा असाच. पाचव्या वर्षी ल्युकेमिया, आता ठाण्याला कुरियरच्या ऑफिसात बैठं काम. उंचीच्या मानाने वजन बरोबर. टेप बेंबीपाशी नेली तेव्हा त्याने श्वास आत ओढला. सगळेच ओढतात, मी थांबते. मग हातात मूठ दाबायचं यंत्र दिलं. चेहरा लाल होईपर्यंत त्याने दाबलं, काटा २४ किलोवर. आशियाई पुरुषाची पकड २८च्या खाली गेली की आम्ही ती कमकुवत धरतो. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. चौथ्या वेळी हात आपोआप सुटून गुडघ्यावर गेले. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने अशा मोठ्या झालेल्या रुग्णांना तपासलं होतं, तेव्हा तिशीतल्या काहींमध्ये म्हातारपणात दिसणारा अशक्तपणा आढळला. तो अहवाल २०१३चा. खुर्चीची ही चाचणी पाहताना तो आठवतोच.

"काल उठल्यापासून काय काय पोटात गेलं?"

"बारापर्यंत काहीच नाही, मॅडम. फक्त ब्लॅक कॉफी."

बारा वाजता दोन वडापाव. तीनला चहा-खारी. साडेसातला भात आणि आमटी. आमटीत डाळ किती, ते त्याच्या आईने वाटी तिरकी धरून दाखवलं. तळाशी बोटभर. आठला खाण्याची खिडकी बंद. घड्याळ अगदी काटेकोर पाळलेलं, आणि दिवसभरात प्रथिनं म्हणावीत अशी तेवढी बोटभर डाळ.

उपासाने वजन उतरतं का? उतरतं, पण २०२२ साली ग्वांगझूमधल्या १३९ लठ्ठ माणसांवरचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी केले होते, एका गटाला आठ तासांतच जेवायचं बंधन होतं. त्या बंधनाने जास्तीचं काही पदरात पडलं नाही. त्याआधी, २०२०मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगात नुसत्या वेळेच्या बंधनाने थोडं वजन उतरलं, पण त्यात स्नायूंचा वाटा बराच असल्याचं दिसलं. धडधाकट माणूस हे सोसेल. २४ किलोच्या मुठीला ते परवडणार नाही.

पालकांच्या फोनवर आणखी एक बातमी फिरत येते, 'उपासाने ल्युकेमिया हटतो'. तिचं मूळ बहुधा लॉस एंजेलिसच्या डॉ. इटन ऑर्गेल यांच्या २०२१च्या कामात असावं. १० ते २१ वयाच्या मुलांना उपचाराच्या पहिल्या महिन्यात आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडे कमी उष्मांक आणि व्यायाम दिला, तेव्हा महिन्याअखेरीस रोगाच्या पेशी मागे उरण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्यात कुणालाही तासन्‌तास उपाशी ठेवलं नव्हतं.

उत्तर फाइलप्रमाणे बदलतं. विल्म्स ट्यूमरमध्ये एक मूत्रपिंड काढलेल्या मुलीला निर्जळी एकादशी नको, हे मी तिच्या आजीसमोरच सांगते, नाहीतर घरी गेल्यावर टिकत नाही. हाडाच्या कॅन्सरसाठी सिसप्लॅटिन घेतलेल्यांनाही तेच. मेंदूच्या शेकामुळे ज्यांना रोज हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं, त्यांची साखर उपाशीपोटी अचानक खाली येऊ शकते. पोटाला किंवा सर्वांगाला शेक दिलेल्यांना काडीसारखा बांधा असूनही मधुमेह होतो, त्यांच्या साखरेचा कागद पाहिल्याशिवाय मी खिडकीबिडकी बोलत नाही. आणि लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन. शरीराच्या दर चौरस मीटरमागे एकूण बेरीज २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झाली की हृदयाचा धोका वरच्या गटात जातो. अशा वेळी वजन उतरवण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना १९९१ साली सुरू झाला, पण गोषवारा हातात असलेली माणसं अजूनही कमीच भेटतात. या मुलाकडे होता. लाल औषधाची बेरीज मध्यम गटातली, शेवटचा इको सहा वर्षांपूर्वीचा.

आई इतका वेळ गप्प होती. "केमोच्या वेळी घासघास भरवायचे, तो ओकायचा, पुन्हा भरवायचे," त्या म्हणाल्या. "आता हा म्हणतो, आई, बारापर्यंत हाक मारू नकोस."

"काकू, हाक मारा," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं.

शेवटी घासाघीस होऊन ठरलं ते असं. रात्रीचं जेवण आठच्या आत, मग सकाळी आठपर्यंत काही नाही. बारा तास पुरे. सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर मुगाची उसळ, आमटीत डाळ दुप्पट, वडापाव आठवड्यातून एकदा. रोज खुर्चीतून उठबस, आधी हात टेकून, मग न टेकता.

"आणि संकष्टी?" काकूंनी विचारलं. "चंद्रोदय कधी कधी दहालाही असतो."

संकष्टी राहू दे, पाणी मात्र प्यायचं, आणि दिवसभर साबुदाण्याऐवजी दही, दाणे, राजगिरा. मुलगा म्हणाला, खिचडी सोडणार नाही. मग ताटात अर्धी वाटी खिचडी आणि एक वाटी दही असं मी लिहून दिलं, आणि त्याखाली इकोची तारीख.