गाण्याच्या शेपटीतील चिठ्ठी

संगणकातील गाण्यांची यादी करणारी आज्ञावली गाणी ऐकत नाही. ती चिठ्ठ्या वाचते. एमपी३ फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची चिठ्ठी जोडण्याची युक्ती १९९६ साली एरिक केम्प यांनी काढली. तीत गायकाच्या नावाला ३० बाइट. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून तेवढे बहुधा पुरतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी मात्रा-वेलांटीसुद्धा, ३ बाइट खाते! ‘भीमसेन जोशी’ मोजून पाहा: १० चिन्हांचे ३०, मधल्या मोकळ्या जागेचा १, एकूण ३१. शेवटची वेलांटी तुटली! १९९८ च्या नव्या चिठ्ठीत हे बंधन सुटले. पण जुन्या-नव्या फाइली एकत्र आल्या की एका गायकाचे दोन होतात आणि अहवालातील बेरीज चुकते. म्हणून आधी नावे अकारविल्हे लावा. तुटके नाव पुऱ्या नावाशेजारीच सापडेल.