गरीला लावलेली वाम

“ताई, हात घालू नकोस, बुळबुळीत आहेत त्या,” असं बहीण म्हणेपर्यंत माझा हात टाकीत गेलाही होता. बोटांमधून काहीतरी गार, जिवंत असं सुळकन निसटलं. दुकानदार हसला. कोकणातली बाई आहे हे त्याला काय ठाऊक!

2023 च्या सप्टेंबरमध्ये मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, मेरीलँडला गेले होते. तिथं चेसापीक नावाची खाडी आहे. खाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाभोळची येते. ही मात्र लांबीला तीनशे किलोमीटर. आमच्या मेहुण्यांना सुट्टीच्या दिवशी गरवायला जायचा नाद. त्यासाठी सामान घ्यायला आम्ही त्या दुकानात शिरलो, तर एका टाकीत वीतभर ते हातभर लांबीच्या वामी वळवळत होत्या. विकायला ठेवलेल्या, पण खायला नव्हे. आमिष म्हणून! माझे काका गरीला गांडूळ लावायचे, फार तर कोळंबी. वाम म्हणजे तुकड्या पाडून तळायची चीज. ती दुसऱ्या माशाला खायला घालायची, हे काही माझ्या गळी उतरेना.

(एक खुलासा करते, नाहीतर रत्नागिरीच्या मैत्रिणी मला पकडतील. आपण बाजारात घेतो ती समुद्रातली वाम वेगळी. घाटावर नदीतल्या काटेरी माशालाही वामच म्हणतात, तोही वेगळा. त्या टाकीतल्यांची खरी भावंडं म्हणजे आपल्याकडच्या नद्यांमधला अहीर.)

मेहुण्यांनी माहिती पुरवली. तिथं पट्टेरी अंगाचा एक मोठा मासा मिळतो, रॉकफिश. मेरीलँडचा तो राज्य-मासा. त्याला जिवंत वाम फार आवडते. वाम बर्फावर ठेवली की सुस्तावते, मग ओल्या फडक्यात धरून तिच्या जबड्यातून गळ आरपार घालायचा. गार नसेल तर ती दोरीला अशी वेढे मारून बसते की गाठ सोडवता सोडवता दिवस जातो. पूर्वी खेकडे धरणारे लोक लांब दोरीला खारवलेल्या वामीचे तुकडे बांधत असत.

घरी आल्यावर मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत बसले. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, दोन रात्री झोप लागली नाही.

ही वाम जन्मते अटलांटिक महासागरात, बर्म्युडा बेटांच्या आसपास, सारगासो समुद्रात. या समुद्राला किनाराच नाही, नुसतं तरंगतं शेवाळ. पिल्लू कडुनिंबाच्या पानासारखं चपटं आणि आरपार दिसणारं. प्रवाहाबरोबर वाहत त्याला अमेरिकेच्या किनाऱ्याला लागायला जवळजवळ वर्ष लागतं. तोवर त्याची शेवयीएवढी, काचेसारखी वाम झालेली असते. मग रंग धरत ती खाडीत, नदीत शिरते. नर बहुतेक खाडीच्या तोंडाशीच राहतात, हातभरसुद्धा वाढत नाहीत. माद्या मात्र वर, पार डोंगरातल्या ओढ्यांपर्यंत चढतात. दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त वर्षं गोड्या पाण्यात काढतात, मीटरभर होतात. आणि मग एका पावसाळी रात्री परतीला निघतात. निघण्याआधी डोळे मोठे होतात, अंग रुपेरी होतं, खाणं बंद होतं, आतडी आक्रसतात. पोटात लाखो अंडी आणि तोंडात घास नाही, अशी ती हजारो किलोमीटर पोहत जाते. जन्मली तिथंच अंडी घालते आणि मरते. आयुष्यात एकदाच माहेरी जाणं, तेही बाळंतपणाला. आमच्या बचत गटातल्या बायकांना हे सांगितलं, तर एकीनं डोळ्याला पदर लावला.

हे कोडं माणसाला फार उशिरा सुटलं. ॲरिस्टॉटलला वाटे की वाम चिखलातून उपजते. मनाचं शास्त्र सांगणाऱ्या फ्रॉइडनं तरुणपणी, 1876 मध्ये, इटलीजवळच्या त्रिएस्तला नराची खूण शोधण्यासाठी चारशेच्या आसपास वामी चिरल्या. योहानेस श्मिट या डॅनिश संशोधकानं 1904 पासून जहाजं घेऊन समुद्र पालथा घातला, अधिकाधिक लहान पिल्लं शोधत सारगासोपर्यंत पोचला आणि 1922 मध्ये आपलं म्हणणं मांडलं. कॅनडाच्या किनाऱ्यावरून यंत्र लावून सोडलेली एक वाम 2,400 किलोमीटर पोहून तिथं पोचल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. अंडी घालताना मात्र तिला अजून कुणी पाहिलेलं नाही. पाहूही नये असं मला आपलं वाटतं.

तर अशी ही बाई, आणि आपण तिला गरीला लावतो. बरं, तिला पकडायलाही आमिष लागतंच. त्या भागात पिंजऱ्यात नालखेकडा घालतात, तोही अंड्यांनी भरलेली मादी असेल तर उत्तम! या खेकड्यांच्या अंड्यांवर लांबून येणारे पक्षी जगतात. पक्षी घटू लागले तसं न्यू जर्सीनं 2008 मध्ये हे खेकडे पकडणंच बंद केलं. आमिषासाठी आमिष, आणि त्यातही गाभण मादी. हे वाचून मला राग आला, लपवत नाही.

पण सगळं खापर गळावर फोडणंही बरोबर नाही. 2012 च्या पाहणीत तिथल्या वामी घटल्याचं निघालं. त्यानंतर नऊ इंचांहून लहान वाम धरायची नाही, हौशी माणसानं दिवसाला पंचवीसपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, असे नियम झाले. त्याहून मोठा घाव धरणांचा. चेसापीकला मिळणाऱ्या सस्क्वेहाना नदीवर 1928 साली कोनोविंगो धरण झालं आणि वर चढणाऱ्या वामींची वाट मिटली. वर जातात त्या माद्याच, म्हणजे मार कुणाला बसला ते बघा. वर वाम नाही म्हटल्यावर नदीतले शिंपलेही आटले, कारण त्यांची पिल्लं वामीच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. आणि शिंपले नदीचं पाणी गाळून स्वच्छ करतात! आता सरकारी माणसं धरणाखालची पिल्लं धरून ट्रकनं वर नेऊन सोडतात. लाखो सोडली आहेत. आपला अहीरही समुद्रातच जन्मतो. कोकणातल्या आणि घाटावरच्या आपल्या धरणांशी तो काय करत असेल, हा प्रश्न मला तिथं बसून पडला, इथं राहून कधी पडला नव्हता.

रविवारी आम्ही मेहुण्यांबरोबर खाडीवर गेलो. संध्याकाळपर्यंत त्यांना एक चांगला रॉकफिश मिळाला. बादलीत दोन वामी उरल्या होत्या. “टाकून द्या पाण्यात,” ते म्हणाले. ह्याच खाडीतल्या होत्या. मी धक्क्यावर उकिडवी बसून बादली हळूच कलती केली. एक लगेच गेली. दुसरी क्षणभर लाकडाला चिकटून राहिली, मग तीही खाली गढूळ पाण्यात गेली.

“चल ताई,” बहीण म्हणाली, “आमसुलं आणलीयस ना? रात्रीला या माशाचं तिखलं कर.”

केलं. चांगलं झालं होतं.