ऑनलाइन व्हिडिओतील कॅप्शन्स : अचूकता का महत्त्वाची?

प्रस्तावना

पदवीचा बराचसा अभ्यास आता व्हिडिओवर होतो. स्वयम्, एनपीटीईएल, विद्यापीठांच्या यूट्यूब वाहिन्या अशा अनेक ठिकाणी व्याख्याने मोफत मिळतात. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या कॅप्शनच्या ओळी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला एक जादा सोय वाटतात. ज्या विद्यार्थ्याला ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत शिक्षकांचे बोलणे मात्र फक्त त्याच ओळींतून पोहोचते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक आहे.

कॅप्शन दिली म्हणजे काम झाले, असा समज सगळीकडे दिसतो. या टिपणात आपण तो समज तपासू. कॅप्शन म्हणजे काय, यंत्र नेमके कुठे चुकते, चूक कशी मोजतात, कायदा काय सांगतो आणि अचूक कॅप्शन कशी तयार करायची, हे क्रमाने पाहू.

१. कॅप्शन आणि सबटायटल यांतील फरक

रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांचा हेतू मात्र वेगळा आहे. सबटायटल देताना प्रेक्षकाला आवाज ऐकू येतो, फक्त भाषा समजत नाही, असे गृहीत धरलेले असते. कॅप्शन देताना आवाज ऐकूच येत नाही, असे गृहीत धरतात. म्हणून कॅप्शनमध्ये बोललेले शब्द तर येतातच, शिवाय कोण बोलत आहे आणि कोणते महत्त्वाचे आवाज होत आहेत हेही येते. उदाहरणार्थ, संगीताच्या तासात शिक्षकांनी तबल्याचा बोल वाजवून दाखवला, तर ‘[तबल्यावर तीनताल]’ अशी नोंद हवी. मागून एखाद्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, तर ‘विद्यार्थी :’ असे लिहून मग प्रश्न द्यावा.

प्रेक्षकाला हवी तेव्हा सुरू किंवा बंद करता येते ती ‘क्लोज्ड कॅप्शन’. चित्राचाच भाग झालेली, बंद करता न येणारी ती ‘ओपन कॅप्शन’.

‘ओठांच्या हालचालीवरून बोलणे कळत नाही का?’ असा प्रश्न तुम्हाला पडेल. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे शब्द उच्चारून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच दिसतात. अनेक ध्वनी तर तोंडाच्या आत तयार होतात आणि बाहेरून दिसतच नाहीत. त्यातच व्याख्यानात शिक्षक फळ्याकडे वळतात किंवा पडद्यावर फक्त स्लाइड असते. ओठवाचनाची थोडी मदत होते, पण तेवढ्यावर व्याख्यान समजत नाही.

२. यंत्र नेमके कुठे चुकते?

यूट्यूबने नोव्हेंबर २००९ मध्ये स्वयंचलित कॅप्शन्स सुरू केल्या. सुरुवातीला त्या इंग्रजीत आणि काही निवडक, मुख्यतः शैक्षणिक, वाहिन्यांसाठी होत्या. स्वतः कर्णबधिर असलेले गूगलचे अभियंते केन हॅरेनस्टीन यांचा या कामात मोठा वाटा होता. या सोयीमुळे लाखो व्हिडिओंना निदान कच्चा मजकूर तरी मिळू लागला, आणि ते मोलाचेच आहे.

तरी यंत्राच्या कामाची पद्धत समजून घ्यायला हवी. आवाज ओळखणारी प्रणाली ध्वनीवरून सर्वांत संभाव्य शब्दांची साखळी ठरवते. हा अंदाज तिने आधी शिकलेल्या मजकुरावर आधारलेला असतो. वारंवार येणारे शब्द ती सहसा बरोबर ओळखते. क्वचित येणारा शब्द आला, की त्याच्यासारखा ऐकू येणारा ओळखीचा शब्द लिहिण्याकडे तिचा कल असतो.

आता व्याख्यानात क्वचित येणारे शब्द कोणते, याचा विचार करा. पारिभाषिक संज्ञा, शास्त्रज्ञांची नावे, स्थळांची नावे, सूत्रे. म्हणजे विद्यार्थी जे शिकायला आला आहे, नेमके तेच. ‘आणि’, ‘म्हणजे’, ‘आपण पाहिलं’ हे सगळे बरोबर उमटते आणि ‘विकर’ या शब्दाच्या जागी ‘विकार’ येतो. भौतिकशास्त्रात ‘सदिश’ राशीची ‘सदृश’ राशी होते. हिंदी माध्यमाच्या रसायनशास्त्रात ‘उपचयन’ म्हणजे ऑक्सिडीकरण आणि ‘अपचयन’ म्हणजे क्षपण. एका अक्षराच्या फरकाने अभिक्रिया उलटी होते. वैद्यकीय विषयांत ‘हायपरटेन्शन’ आणि ‘हायपोटेन्शन’ यांचेही तसेच आहे.

भारतीय वर्गात अडचणी आणखी वाढतात. शिक्षक मराठी वाक्यात इंग्रजी संज्ञा वापरतात, मध्येच हिंदीत उदाहरण देतात. बोलण्यात प्रदेशाची ढब असते. वर पंखा घरघरत असतो, माइक लांब असतो, दोघे एकाच वेळी बोलतात. या प्रत्येक गोष्टीने अंदाज चुकण्याची शक्यता वाढते.

मराठी संख्यांकडे विशेष लक्ष द्या. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ घाईत बोलले तर माणसाचाही गोंधळ होतो. ‘साठ’, ‘सात’ आणि ‘आठ’ यांचेही तसेच.

३. टक्केवारी पुरेशी का नाही?

कॅप्शनची चूक मोजण्यासाठी ‘शब्द-त्रुटी दर’ वापरतात. बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द यांची बेरीज करायची आणि तिला मूळ बोलण्यातील एकूण शब्दसंख्येने भागायचे.

एक साधा हिशेब करू. शिक्षक मिनिटाला १५० शब्द बोलतात असे धरले, तर ५० मिनिटांच्या व्याख्यानात ७,५०० शब्द होतात. अचूकता ९० टक्के असेल तर ७५० शब्द चुकीचे, म्हणजे दर मिनिटाला १५. अचूकता ९९ टक्के असली तरी ७५ शब्द चुकतात. कानाला ९० टक्के चांगले वाटते. वाचणाऱ्याला मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात ठेच लागते.

चुकांची संख्या कळली तरी चूक किती गंभीर आहे हे कळत नाही. मूळ वाक्य घ्या : ‘या तापमानाला हे विकर काम करत नाही.’ यात सात शब्द आहेत. तीन वेगवेगळ्या कॅप्शन्स पाहा.

(अ) ह्या तापमानाला हे विकर काम करत नाही.
(आ) या तापमानाला हे विकार काम करत नाही.
(इ) या तापमानाला हे विकर काम करत

तिन्हींमध्ये एकच चूक आहे, म्हणून तिन्हींचा त्रुटी दर सारखाच, सुमारे १४ टक्के. (अ) मध्ये अर्थाला धक्का लागत नाही. (आ) मध्ये वाक्य निरर्थक होते; वाचणाऱ्याला निदान शंका तरी येते. (इ) सर्वांत घातक. ‘नाही’ गळल्यामुळे विधान उलटे झाले आणि वाचणाऱ्याला शंकाही आली नाही. तो वहीत लिहून घेईल की या तापमानाला विकर काम करते.

ऐकू येणारा विद्यार्थी अशा चुका नकळत दुरुस्त करतो, कारण त्याच्याकडे आवाज हा दुसरा पुरावा असतो. कर्णबधिर विद्यार्थ्याकडे तो नसतो. चूक शिक्षकांची आहे, यंत्राची आहे की आपल्यालाच समजले नाही, हे त्याला ठरवता येत नाही. बहुतेक वेळा तो दोष स्वतःकडे घेतो. कॅप्शनच नसेल तर आपल्याला काहीतरी मिळालेले नाही, एवढे त्याला कळते. चुकीची कॅप्शन मात्र खोटी माहिती खरी म्हणून हातात देते.

४. चांगल्या कॅप्शनचे चार निकष

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१४ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅप्शनसाठी चार निकष ठरवले. ते व्याख्यानांनाही लागू पडतात.

१) अचूकता : बोललेले शब्द, त्यांचे लेखन आणि विरामचिन्हे बरोबर असावीत.
२) समकालिकता : ओळ बोलण्याबरोबर यावी आणि वाचून होईपर्यंत टिकावी. शिक्षक ‘हा कोन पाहा’ म्हणतात, तेव्हा ती ओळ त्याच आकृतीवर दिसली पाहिजे.
३) संपूर्णता : सुरुवातीपासून शेवटपर्यंत, प्रश्नोत्तरांसह, काही गाळलेले नसावे.
४) योग्य जागा : ओळींनी फळ्यावरचे समीकरण किंवा आकृती झाकू नये.

मराठीसाठी यात एक भर घालायला हवी. आपल्या वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ओळ तोडताना ‘हा नियम इथे लागू होत’ एका पडद्यावर आणि ‘नाही’ पुढच्या पडद्यावर गेले, तर शब्द सगळे बरोबर असूनही वाचणारा क्षणभर उलटा अर्थ घेतो. क्रियापद आणि त्याचा नकार एकाच ओळीत ठेवा.

५. कायदा आणि एक धडा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात मिळावा, यासाठी शासनाने उपाय योजायचे आहेत. त्यात ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील दुभाषा आणि क्लोज्ड कॅप्शन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वेब आशयाच्या सुगम्यतेसाठी जगभर वापरली जाणारी डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या व्हिडिओच्या कॅप्शनला ‘अ’ स्तरावर, म्हणजे किमान अटींत, ठेवतात.

शैक्षणिक व्हिडिओंबाबत अमेरिकेत घडलेल्या घटना आपल्यालाही विचार करायला लावतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संघटनेने हार्वर्ड आणि एमआयटी यांच्याविरुद्ध दावे दाखल केले. मोफत ऑनलाइन व्हिडिओंना एकतर कॅप्शन नाहीत, किंवा ज्या आहेत त्या चुकीच्या व न समजणाऱ्या आहेत, अशी तक्रार होती. हार्वर्डशी २०१९ मध्ये आणि एमआयटीशी २०२० मध्ये तडजोड झाली; दोन्ही संस्थांनी कॅप्शन देण्याचे मान्य केले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात वेगळे घडले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये तेथील मोफत ऑनलाइन आशय दिव्यांगांसाठी सुगम्य नसल्याचे कळवले. त्यानंतर मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने २०,००० हून अधिक ध्वनी-चित्र व्याख्याने बाहेरच्या लोकांसाठी बंद केली. कर्णबधिर विद्यार्थ्यांना काही मिळाले नाहीच, इतरांचेही गेले. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठाने ऑनलाइन आशय सुगम्य करण्याचा करार न्याय विभागाशी केला. यातून शिकायचे ते हे, की कॅप्शनचे काम व्हिडिओ बनवतानाच धरावे. हजारो व्हिडिओ साठल्यावर तेच काम डोंगराएवढे होते.

६. इतरांना होणारा उपयोग

अचूक कॅप्शन्सचा लाभ अनेकांना होतो. इंदूर किंवा हैदराबादला शिकणारी, घरी मराठी बोलणारी विद्यार्थिनी इंग्रजी व्याख्यान वाचत ऐकते, तेव्हा तिला संज्ञेचे लेखनही कळते. अहमदाबादच्या आयआयएममधील प्रा. ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून ‘समभाषी उपशीर्षक’ या कल्पनेवर काम केले. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवून वाचनाचा सराव घडवणे, हा त्यामागचा विचार. ऐकलेला आणि दिसलेला शब्द एकच असेल, तरच हा सराव घडतो.

भाषांतराचेही तसेच. मूळ इंग्रजी कॅप्शनवरून मराठी, तमिळ, बांगला उपशीर्षके केली, तर मूळची एक चूक प्रत्येक भाषेत पोहोचते.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. अनेक कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. त्यांच्यासाठी कॅप्शन आणि दुभाषा दोन्ही हवेत. एक दिल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.

७. अचूक कॅप्शन तयार करण्याच्या पायऱ्या

१) ध्वनिमुद्रण स्वच्छ करा. माइक वक्त्याजवळ ठेवा. श्रोत्यांचा प्रश्न वक्त्याने उत्तरापूर्वी पुन्हा सांगावा.
२) व्याख्यानातील संज्ञा, नावे आणि सूत्रे यांची यादी शिक्षकांकडून आधीच घ्या.
३) यंत्राकडून कच्चा मसुदा घ्या. त्याला तयार कॅप्शन समजू नका.
४) वेग कमी करून संपूर्ण ऐका आणि दुरुस्त करा. संख्या, नकार, संज्ञा आणि विशेषनामे यांची वेगळी फेरी करा.
५) ‘अं’, ‘म्हणजे म्हणजे’ असे अडखळणे गाळले तरी चालेल. वक्त्याचे शब्द मात्र बदलू नका.
६) विरामचिन्हे घाला, अर्थ धरून ओळी तोडा. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत.
७) वक्त्याचे नाव आणि महत्त्वाचे आवाज नोंदवा.
८) एसआरटी किंवा वेबव्हीटीटी स्वरूपात जतन करा. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली असल्याने पुढेही दुरुस्त करता येतात.
९) शेवटी आवाज बंद करून व्हिडिओ पाहा. शक्य असेल तिथे कर्णबधिर विद्यार्थ्याला दाखवून त्याचे मत घ्या आणि या कामाचा योग्य मोबदला द्या.

सारांश

कॅप्शन वाचणाऱ्याकडे पडताळून पाहायला आवाज नसतो, म्हणून तिची अचूकता शब्द मोजण्याइतकीच अर्थावरही ठरते. यंत्र सामान्य शब्द सहसा बरोबर आणते. संज्ञा, संख्या आणि नकार यांची जबाबदारी माणसाने घ्यायची असते. तुम्ही उद्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमाचा किंवा प्रकल्पाचा व्हिडिओ टाकाल, तेव्हा ही जबाबदारी तुमची असेल.

स्वाध्याय

१) तुमच्या विषयाच्या एखाद्या व्याख्यानातील पाच मिनिटे स्वयंचलित कॅप्शनसह, आवाज बंद ठेवून पाहा आणि टिपणे काढा. मग आवाज सुरू करून ती टिपणे तपासा.
२) त्याच भागाचा शब्द-त्रुटी दर काढा. चुकांचे ‘अर्थ तसाच’, ‘अर्थ हरवला’ आणि ‘अर्थ उलटला’ असे तीन गट करा.
३) तुमच्या विषयातील, एका अक्षराच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या संज्ञांच्या दहा जोड्या लिहा.