रॅम वाढवली, पण डिस्प्ले येईना!

जुना लॅपटॉप रखडायला लागला की रॅम वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि तो बहुधा योग्यही असतो. पण नवी रॅम बसवून बटण दाबावे, दिवा लागावा, पंखा फिरावा आणि डिस्प्ले मात्र येऊ नये, असे पुष्कळदा घडते. मग ‘रॅम खराब निघाली’ किंवा ‘मदरबोर्ड गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात दोष त्याहून साधा असू शकतो. तो शोधायला थोडे विज्ञान आणि थोडा धीर लागतो.

आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६६ मध्ये ती सुचली, १९६८ मध्ये तिला पेटंट मिळाले. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागरच. त्यातला विद्युतभार सतत झिरपतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीच्या रॅममध्ये असे सुमारे ६,८७२ कोटी कप्पे असतात. इतक्या नाजूक यंत्रणेला व्होल्टेज, वेळ आणि जोडणी या तिन्ही गोष्टी नेमक्या लागतात.

आधी व्होल्टेज पाहू. लॅपटॉपच्या रॅमच्या पिढ्यांपैकी डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ पिना असतात. खाचेची जागाही वेगळी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दोन्हींच्या पिना तितक्याच, खाचही तिथेच. पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, तर दुसरी १.३५ व्होल्टवरही. फक्त १.३५ व्होल्ट पुरवणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली नीट बसते, पण चालत नाही. फरक लेबलवर असतो: ‘पीसी३’ की ‘पीसी३एल’.

वेळेचे गणित डीडीआर५ मध्ये फार बारीक आहे. ४८०० वेगाच्या रॅममध्ये एका बिटच्या वाट्याला सेकंदाचा जवळजवळ पाच अब्जावा भाग येतो. त्यामुळे नवी रॅम दिसताच लॅपटॉप प्रत्येक तारेवरचा संकेत तपासून आपले वेळापत्रक जुळवतो. तेवढा वेळ, कधी काही मिनिटेही, पडदा काळा राहतो. घाबरून बटण दाबून ठेवले, तर हे काम अर्धवट राहते.

सर्वांत सामान्य कारण जोडणीचे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या. अंगातली स्थिर वीज उतरवण्यासाठी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. रॅम सुमारे ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. सोनेरी पट्टा जवळपास दिसेनासा झाला पाहिजे. मग ती खाली दाबा; दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. पिना खोडरबराने घासण्याची पद्धत दुकानांत सर्रास दिसते, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसणे बरे.

तरीही डिस्प्ले आला नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. फक्त जुनी रॅम लावून पाहा. मग त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी. मग दुसऱ्या स्लॉटमध्ये हेच करा. एक रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चालत नसेल, तर ती सदोष आहे किंवा त्या लॅपटॉपशी जुळत नाही. दोन्ही रॅम एकाच स्लॉटमध्ये अडत असतील, तर स्लॉटवर संशय घ्यावा. दोन्ही एकेकट्या चालतात, पण एकत्र नाही, तर त्यांचे आपसात जुळत नाही.

लॅपटॉप सुरू झाला तरी मध्येच अडकत असेल, तर मेमटेस्ट८६ ही चाचणी रात्रभर चालवा. ती कप्प्यांत ठरावीक नमुने लिहून परत वाचते. चुकांचा आकडा शून्यच हवा. एक चूकही चालवून घेऊ नये. बसवलेल्यापेक्षा थोडी कमी रॅम दिसली, तर काही भाग ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असतो. ३२-बिट विंडोज असेल, तर सर्वसाधारण आवृत्त्यांत ४ जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जात नाही.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी अवश्य करा: जुन्या रॅमच्या लेबलचा फोटो काढून ठेवा आणि आपल्या मॉडेलमध्ये जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे वाढवायला जागाच नसते. हे पैसे देण्याआधी समजलेले बरे.