सरकारी संगणकांचें एकत्रीकरण

एकत्रीकरण हा शब्द आपणां शेतकऱ्यांस नवा नाहीं. १९४७ च्या मुंबई कायद्यानें विखुरलेल्या तुकड्यांचे सलग गट करण्याचें ठरलें. कॅनडा सरकारनें तेंच काम आपल्या संगणकांच्या बाबतींत आरंभिलें. ऑगस्ट २०११ मध्यें ‘शेअर्ड सर्व्हिसेस कॅनडा’ हें स्वतंत्र खातें स्थापून ४३ खात्यांचे ई-मेल, माहितीचीं कोठारें व दूरसंचार त्याच्या स्वाधीन केले. ६३ ई-मेल पद्धतींची एक व ४८५ कोठारांचीं ७ करावयाचीं होतीं. खर्च वाचावा व दप्तर सुरक्षित राहावें, हा हेतु.

ई-मेलचें काम मार्च २०१५ पर्यंत संपावयाचें होतें. तें संपलें नाहीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें तेथील महालेखापालांचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रगति अल्प होती, सेवेचा दर्जा खात्यांशीं क्वचितच ठरविला होता, आणि बचतीचा हिशेबही नीट दाखवितां येत नव्हता.

गट बांधण्यापूर्वीं मोजणी व मूल्यमापन होऊन प्रत्येक खातेदारास आपला हिस्सा कळावा लागतो. नाहींतर बांध मोडतात आणि तंटे उरतात. यंत्रांचेंही तसेंच आहे. आधीं नोंद, मग सेवेची हमी, मग स्थलांतर, हा क्रम कारभाऱ्यानें सोडूं नये. आपला सातबाराही आतां संगणकावर आहे. म्हणून ही गोष्ट परक्यांची समजूं नये.